कंडेन्सेट ट्रान्सफर पंप: एपीआय ६१० चा ओएच२ घ्यावा की आयएसओ ५१९९ चालेल?

स्किड_गोकुळशिरगाव

नमस्कार मंडळी. आमचं गोकुळ शिरगाव एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं युनिट आहे. साखर कारखाने आणि डिस्टिलरीसाठी पंप स्किड (एकाच फ्रेमवर बसवून दिलेला पंपाचा संच) नेहमी करतो. आता पश्चिम किनाऱ्यावरच्या एका टर्मिनलसाठी स्टॅबिलाइज्ड कंडेन्सेटच्या (नैसर्गिक वायूसोबत मिळणाऱ्या हलक्या द्रव तेलाच्या) ट्रान्सफर पंपाचं स्किड करायचं आहे. पंप, मोटर, स्ट्रेनर, पाइपिंग सगळं आमच्याकडं. एक चालू, एक स्टँडबाय.

माहिती अशी:
प्रवाह ६० घनमीटर प्रतितास, हेड ११० मीटर. सापेक्ष घनता ०.७२, व्हिस्कॉसिटी ०.६ सेंटीपॉइज. तापमान ३० ते ४५ अंश. डेटाशीटवर व्हेपर प्रेशरच्या रकान्यात ‘आरव्हीपी ८ पीएसआय’ (रीड व्हेपर प्रेशर). थोडा हायड्रोजन सल्फाइड असू शकतो असा शेरा आहे, आकडा दिलेला नाही. टाकी फ्लोटिंग रूफची, लो-लो लेव्हल (पंप थांबवायची सगळ्यात खालची पातळी) पंपाच्या सेंटरलाइनपेक्षा १ मीटर वर. सक्शन लाइन ४ इंची, २५ मीटर, तीन एल्बो, एक गेट व्हॉल्व्ह, वाय स्ट्रेनर. जागा झोन २, गॅस ग्रुप २ए, टी३ (ज्वलनशील वायू असू शकणाऱ्या जागेचे वर्ग).

दोन कोटेशनं आलीत.
‘अ’: एपीआय ६१० (तेल-वायू उद्योगातल्या पंपांचं स्टँडर्ड), ओएच२ (सेंटरलाइनवर टेकवलेला पंप), २९७० आरपीएम, बीईपी (सगळ्यात जास्त एफिशियन्सीचा प्रवाह) ६६ वर, ६० ला एनपीएसएच (माल पंपात उकळू नये म्हणून सक्शनला व्हेपर प्रेशरच्या वर लागणारा दाब) लागतो ३.२ मीटर. डबल सील, प्लॅन ५२ (प्लॅन म्हणजे सीलच्या पाइपिंगची ठरावीक मांडणी).
‘ब’: आयएसओ ५१९९ (सर्वसाधारण औद्योगिक पंपांचं स्टँडर्ड), फूट माउंटेड (केसिंग खालच्या पायांवर टेकवलेलं), २९७० आरपीएम, बीईपी ८५ वर, ६० ला एनपीएसएच लागतो २.१ मीटर. सिंगल सील, प्लॅन ११. किंमत ‘अ’च्या जवळपास निम्मी.

आमच्या हिशोबानं सक्शनला ६ मीटर एनपीएसएच मिळतो, म्हणजे दोन्ही पंप बसतात. मग ‘ब’ घ्यायला हरकत काय? आणि स्पेअर केसिंग शिरोलीत ओतून घेता येईल का?

रोटेटिंग_जुना

आधी ते ६ मीटर तपासू, कारण बाकी सगळी निवड त्याच्यावर उभी आहे.

तुम्ही आरव्हीपी ०.५५ बार धरून गणित केलेलं दिसतंय. आरव्हीपी ही ३७.८ अंशांवर ठरावीक भांड्यात, द्रवावर हवेची जागा ठेवून केलेली चाचणी असते. मालाची प्रत ठरवायला ती चांगली, पण पंपाच्या गणितात ती चालत नाही. पंपाला लागतं ते खरं व्हेपर प्रेशर, म्हणजे टीव्हीपी, आणि तेही कमाल तापमानाला. ८ पीएसआय आरव्हीपीच्या हलक्या मालाचं ४५ अंशांना ते ०.७५ बार ॲब्सोल्यूटच्या आसपास जातं. नेमका आकडा ग्राहकाच्या लॅबकडून लेखी मागा. तोवर ०.७५ धरून मांडूया.

टाकीवर वातावरणाचा दाब १.०१३ बार. त्यातून ०.७५ वजा केले की उरतात ०.२६३ बार. गुणिले १०.२, भागिले ०.७२, म्हणजे ३.७ मीटर.
लेव्हलचे अधिक १.० मीटर.
सक्शन लाइनचा तोटा: ४ इंचीत वेग २ मीटर प्रतिसेकंदाला पोचतो. २५ मीटर पाइप, एल्बो, व्हॉल्व्ह आणि स्वच्छ स्ट्रेनर धरून साधारण १.६ मीटर.
उरले ३.१ मीटर.

‘अ’ला ३.२ हवेत. म्हणजे लेव्हल खाली आली आणि दुपारी टाकी तापली की पंप खडखडणार. आणि हे स्ट्रेनर स्वच्छ असताना. टर्मिनलचा स्ट्रेनर पहिल्या महिन्यात वेल्डिंगचा स्लॅग आणि गंज खाऊन बसतो.

उपाय पंपात शोधू नका, पाइपात शोधा. सक्शन ६ इंची केली तर वेग ०.९ वर येतो आणि पाइपचा तोटा ०.३ मीटरवर. चोंदलेल्या स्ट्रेनरसाठी ०.५ मीटर वेगळे राखून ठेवा. एकूण ३.९ मीटर मिळाले. वाय स्ट्रेनरऐवजी बास्केट किंवा टी टाइप घ्या, त्यावर डिफरन्शिअल प्रेशर गेज लावा, आणि किती फरक पडला की साफ करायचा ते नेमप्लेटवरच लिहा. पंपाच्या तोंडाशी एक्सेंट्रिक रिड्यूसर सपाट बाजू वर ठेवून. लाइन टाकीकडून पंपाकडं सलग उताराची हवी, मध्ये कुठंही उंचवटा नको, नाहीतर तिथं व्हेपर अडकतो.

लो-लो लेव्हल ०.४ मीटरनं वर घ्यायला ग्राहकाला सांगा. फ्लोटिंग रूफ पायांवर टेकायच्या आत पंप थांबायलाच हवा, त्यामुळं ऑपरेशनवाले याला सहसा विरोध करत नाहीत. आता ४.३ मीटर झाले. ‘अ’ला १.१ मीटरचं मार्जिन मिळालं. १ मीटरच्या खाली जाऊ नका.

हायड्रोकार्बनला पाण्यापेक्षा कमी एनपीएसएच लागतो म्हणून आकडा कमी करून देतो असं कुणी म्हणालं तर तो कमी केलेला आकडा घेऊ नका. एपीआय ६१० सुद्धा पाण्यावरचाच आकडा धरायला सांगतं.

आता ‘ब’चे २.१. हा आकडा बघून तुम्ही खूश झालात, मला तिथंच शंका आली. बीईपी ८५ वर आणि तुम्ही चालवणार ६० वर, म्हणजे ७१ टक्क्यांवर. पंप मोठा घेतलाय, म्हणून त्याचा इंपेलर आय मोठा, म्हणून एनपीएसएच कमी. बीईपीला त्याचा एनपीएसएच कर्व्हवर बघा. २.६ च्या आसपास असेल तर सक्शन स्पेसिफिक स्पीड (वेग, प्रवाह आणि एनपीएसएच यांवरून काढलेला, सक्शनचं वागणं सांगणारा आकडा) अमेरिकन एककात ११,५०० च्या पुढं जातो. बहुतेक तेल कंपन्या ११,००० ची मर्यादा घालतात, कारण त्यापलीकडं कमी प्रवाहाला इंपेलरच्या आयमध्ये माल उलटा फिरायला लागतो. खडखड, व्हायब्रेशन, सीलची तोंडं उघडणं, बेअरिंग जाणं ही सगळी साखळी तिथून सुरू होते. ‘अ’चा तोच आकडा ८,३०० च्या घरात येतो आणि ६० चा प्रवाह बीईपीच्या ९१ टक्क्यांवर बसतो. एपीआय ६१० ला रेटेड पॉइंट बीईपीच्या ८० ते ११० टक्क्यांत हवा असतो.

उद्यमनगर_ड्रॉइंग

एपीआय की आयएसओ, याबद्दल. एपीआय ६१० मध्येच एक टीप आहे की अमुक मर्यादेच्या आतल्या कामाला या स्टँडर्डखेरीज दुसरा पंप विचारात घेता येतो. मर्यादा अशा: डिस्चार्ज प्रेशर १९ बार, सक्शन प्रेशर ५ बार, तापमान १५० अंश, ३६०० आरपीएम, हेड १२० मीटर, इंपेलर ३३० मि.मी. तुमचं काम सगळ्या मर्यादांच्या आत बसतं. ११० मीटर, इंपेलर साधारण ३०० मि.मी., टाकी भरलेली असताना बंद व्हॉल्व्हवरही १० बारच्या आत. सेंटरलाइन माउंटिंगची गरज तापमान वाढल्यावर पडते. ४५ अंशांना फूट माउंटेड केसिंग शाफ्टची रेष बिघडवत नाही.

म्हणून ‘आयएसओ ५१९९ आहे’ एवढ्यावरून ‘ब’ला बाद करू नका. बाद करायचा तर तो मोठा आहे म्हणून. ‘ब’कडं विचारा की ६० ते ७० च्या दरम्यान बीईपी असलेलं दुसरं मॉडेल आहे का. असेल तर पुढं हे तपासा:

केसिंग कार्बन स्टीलचं हवं. ज्वलनशील मालाला कास्ट आयर्न किंवा एसजी आयर्न प्रेशर केसिंग नको, आगीत थंड पाणी पडलं की कास्ट आयर्न तडकतं. इंपेलर कमाल व्यासाचा नको, नवीन इंपेलर टाकून हेड ५ टक्के तरी वाढवता यायला हवं. सील चेंबर एपीआय ६८२ (सीलचं स्टँडर्ड) च्या कार्ट्रिजला बसेल एवढा मोठा हवा, आयएसओ पंपात इथंच अडतं. सीलच्या तोंडाशी शाफ्ट ५० मायक्रॉनपेक्षा जास्त वाकू नये. नोझल लोडचं टेबल मागा आणि तुमच्या पाइपिंगच्या स्ट्रेस गणिताशी ताडून बघा. आयएसओ पंपाची नोझल सोसण्याची ताकद कमी असते, आणि आता तुम्ही सक्शन ६ इंची करताय, तिचं वजन कुठंतरी टेकवावं लागणार.

पण सगळ्यात आधी ग्राहकाच्या टेंडरमध्ये ‘एपीआय ६१०’ असं स्पष्ट लिहिलंय का ते पाहा. लिहिलं असेल तर लेखी डेव्हिएशन मंजूर झाल्याशिवाय ‘ब’ची ऑर्डर टाकू नका. पंप निम्म्या किमतीत मिळाला आणि इन्स्पेक्शनला अडकला तर त्यात कुणाचाच फायदा नाही.

शिरोली_स्टील_फाउंड्री

केसिंगबद्दल. शिरोलीत, कागलला स्टील ओतणाऱ्या फाउंड्र्या आहेत आणि डब्ल्यूसीबीचं (कार्बन स्टीलच्या एका प्रतीचं) प्रेशर कास्टिंग होतं. पण दोन अटींवर.

पॅटर्न वेगळा हवा. आपल्याकडं शेतीपंपाचे कास्ट आयर्नचे पॅटर्न भरपूर पडलेत, त्यात स्टील ओतू नका. कास्ट आयर्न गोठून थंड होताना साधारण १ टक्का आकसतं, स्टील २ टक्के. मापं चुकतातच, शिवाय राइझर (आकसताना जादा धातू पुरवणारे साठे) कमी पडतात आणि नोझलच्या मुळाशी, जिथं जाड भिंत पातळ भिंतीला मिळते, तिथं श्रिंकेज (आकसल्यानं झालेली पोकळी) राहतं. हायड्रोटेस्टला घाम फुटल्यासारखी गळती तिथूनच दिसते.

दुसरी अट कागदांची. एएसटीएम ए२१६ डब्ल्यूसीबी, हीट नंबर कास्टिंगवर उठलेला, ईएन १०२०४ चं ३.१ सर्टिफिकेट. हायड्रोजन सल्फाइडचा शेरा आहे म्हणून नेस एमआर०१७५ (हायड्रोजन सल्फाइडच्या कामातल्या धातूंचं स्टँडर्ड) लागू पडतं का ते ग्राहकाकडून लेखी घ्या. त्याची अंशदाबाची रेषा ०.३ किलोपास्कल आहे, म्हणून ‘थोडा’ हा शब्द आम्हाला उपयोगाचा नाही, आकडा लागतो. लागू झालं तर हार्डनेस २२ एचआरसीच्या आत, निकेल १ टक्क्याच्या आत, आणि प्रत्येक वेल्ड रिपेअरनंतर स्ट्रेस रिलीव्ह. रिपेअर फक्त मंजूर डब्ल्यूपीएसप्रमाणं (वेल्डिंगच्या लेखी पद्धतीप्रमाणं) आणि क्वालिफाइड वेल्डरकडून. छिद्रावर प्लग मारणं, पीनिंग, रेझिन भरणं, यातलं काहीही प्रेशर केसिंगला चालत नाही. सक्शन आणि डिस्चार्ज नोझलची रेडिओग्राफी, बाकी पृष्ठभागाची एमपीआय (चुंबकीय कणांनी तडे शोधण्याची तपासणी). हायड्रोटेस्ट कमाल मंजूर दाबाच्या दीडपट, किमान ३० मिनिटं.

तरीही माझं मत: पहिल्या ऑर्डरला स्पेअर केसिंग बाहेर ओतून घेऊ नका. पंप उत्पादकाच्या ड्रॉइंगशिवाय व्होल्यूटची (केसिंगच्या आतल्या वळणदार मार्गाची) मापं घेऊन केलेल्या केसिंगवर त्याची गॅरंटी जाते, आणि हेड-एफिशियन्सी बदलली तर भांडण तुमच्या गळ्यात. केसिंग सहसा मोडतही नाही. स्पेअर ठेवायचे ते सील, बेअरिंग, वेअर रिंग, इंपेलर.

इंपेलरबद्दल एक सांगतो. ६० घनमीटर आणि ११० मीटर हे कमी स्पेसिफिक स्पीडचं (प्रवाह कमी, हेड जास्त) जोडपं. अशा इंपेलरची बाहेरची रुंदी ६ ते ८ मि.मी. असते. त्या फटीत कोअर १ मि.मी. सरकला तरी एका बाजूचा श्राउड (इंपेलरची बाजूची भिंत) पातळ पडतो आणि बॅलन्सिंगला धातू उडवत बसावं लागतं. आतला पृष्ठभाग खडबडीत राहिला तर एफिशियन्सीत ३-४ टक्के सहज जातात. सीए६एनएमचा (स्टेनलेस स्टीलच्या एका प्रतीचा) इंपेलर,  सिरॅमिक कोअर किंवा इन्व्हेस्टमेंट कास्टिंग, आणि जी२.५ ला बॅलन्स. इथं पैसे वाचवू नका.

सील_बेंच

सीलबाबत दोन्ही कोटेशनांशी मी सहमत नाही.

‘अ’चा प्लॅन ५२ म्हणजे बिनदाबाचं बफर. आतल्या सीलमधून जे गळतं ते बफर टाकीत येऊन वाफ होऊन फ्लेअरला (नको असलेला वायू जाळण्याच्या जागी) जावं, अशी त्यामागची कल्पना. ज्याचं व्हेपर प्रेशर बफर टाकीच्या दाबापेक्षा चांगलं वर आहे, त्या एलपीजीसारख्या मालाला हे छान चालतं. तुमचं कंडेन्सेट ०.७५ बारचं. ते नीट वाफ होणार नाही, बफर तेलातच मिसळत राहील. काही आठवड्यांत तेल पातळ होतं, लेव्हल स्विच हाय दाखवतो, आणि बाहेरचं सील त्याच पातळ मिश्रणावर घासतं.

‘ब’चं सिंगल सील प्लॅन ११ वर तांत्रिकदृष्ट्या चालेल, पण हायड्रोजन सल्फाइडचा शेरा असताना आणि मालात बेंझीन असण्याची शक्यता असताना सिंगल सील मी देणार नाही.

दोन मार्ग आहेत. पहिला, डबल प्रेशराइज्ड, प्लॅन ५३बी. ब्लॅडर अॅक्युम्युलेटर असतो, बॅरियर तेलाचा दाब सील चेंबरपेक्षा किमान १.४ बार वर. माल बाहेर येतच नाही, गळलं तर तेल आत जातं. नायट्रोजनची लाइन नसली तरी चालतं, हातपंपानं तेल भरता येतं. ब्लॅडरचा प्रीचार्ज उन्हात आणि रात्री वेगळा दिसतो, म्हणून प्रेशर अलार्म तापमान बघून सेट करावा लागतो. हे न केल्यानं पहाटे खोटे अलार्म येतात आणि लोक ते बायपास करून टाकतात.

दुसरा, आत प्लॅन ११ वर सील आणि बाहेर कोरडं कंटेनमेंट सील, प्लॅन ७५ सह. ७५ यासाठी की गळती द्रव राहते, ती खाली गोळा करावी लागते. ७६ हा वाफेसाठी, तो इथं नको. यात तेल सांभाळायचं काम नाही, पण बंद ड्रेन आणि फ्लेअरची लाइन स्किडपर्यंत यायला हवी. ती ग्राहक देतोय का विचारा. नसेल तर ५३बी.

प्लॅन ११ चा ओरिफिस ३ मि.मी.पेक्षा लहान नको, चोंदतो. गणितानं लहान आला तर दोन ओरिफिस एकामागोमाग टाका.

स्किड_गोकुळशिरगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. ग्राहकाकडून उत्तर आलं. टीव्हीपी ४५ अंशांना ०.७४ बार, म्हणजे वरच्या मांडणीत फारसा बदल नाही. ६ इंची सक्शन आणि लेव्हलचा बदल त्यांनी मान्य केला. हायड्रोजन सल्फाइडचा अंशदाब मर्यादेच्या खाली आहे, तरी हार्डनेसची अट ते ठेवणार आहेत. फ्लेअरची लाइन स्किडपाशी नाही, म्हणून ५३बी. ‘ब’कडं लहान मॉडेल नाही, म्हणून ‘अ’ पक्का करतोय.

दोन शंका. ‘अ’नं मोटर ३० किलोवॉटची दिलीय, एफिशियन्सी ५२ टक्के. पुरेल का? आणि टेस्टला काय काय बघायचं?

रोटेटिंग_जुना

मोटर: ६० गुणिले ११० गुणिले ०.७२, भागिले ३६७, म्हणजे १२.९५ किलोवॉट. ०.५२ नं भागले की २४.९. एपीआय ६१० मध्ये २२ ते ५५ किलोवॉटच्या टप्प्यात १५ टक्के मार्जिन आहे, म्हणजे २८.६. ३० पुरते.

पण ती कंडेन्सेटला पुरते, पाण्याला नाही. त्याच पॉइंटला पाण्यावर ३४.६ किलोवॉट लागतात. तुमच्या शेडमध्ये किंवा साइटवर फ्लशिंगला कुणी पाणी भरून व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तर मोटर ट्रिप होईल, ओव्हरलोड रिले वाढवून ठेवला असेल तर जळेल. ग्राहकाला कमिशनिंगला पाण्यावर पंप चालवायचा आहे का ते आत्ताच विचारा. असेल तर ३७ किलोवॉटची मोटर घ्या. नसेल तर कमिशनिंगच्या कागदात ‘पाण्यावर चालवू नये’ हे पहिल्या पानावर टाका. मोटर झोन २ आणि टी३ ला बसणारी, पेसोच्या (स्फोटक आणि पेट्रोलियम सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेच्या) मंजुरीसकट. कपलिंग गार्ड ठिणगी न उडवणाऱ्या धातूचा, आपल्याकडं पितळी सहज होतो. कपलिंगचा स्पेसर किमान १२५ मि.मी., म्हणजे मोटर न हलवता सील बाहेर काढता येतं.

टेस्ट: हेड रेटेड पॉइंटला ±३ टक्के, पॉवर ४ टक्क्यांपर्यंत जास्त चालते, एनपीएसएच सांगितलेल्यापेक्षा जास्त आलेला चालत नाही. व्हायब्रेशन बेअरिंग हाउसिंगवर ३ मि.मी. प्रतिसेकंदाच्या आत. मार्जिन कमी आहे म्हणून एनपीएसएच टेस्ट साक्षीदारासमोर करून घ्या, त्याचे पैसे लागले तरी द्या. टेस्ट कोल्हापूर परिसरात होणार असेल तर बॅरोमीटरचं त्या दिवसाचं रीडिंग शीटवर लिहिलेलं हवं. इथं उंची साडेपाचशे मीटर, वातावरणाचा दाब पाण्याच्या ९.७ मीटरएवढा, समुद्रसपाटीला १०.३. कुणी सवयीनं १०.३ धरलं तर एनपीएसएच ०.६ मीटरनं चुकतो, आणि तुमचं सगळं मार्जिनच १.१ आहे.

कर्व्ह बंद व्हॉल्व्हपर्यंत चढता आहे ना ते बघा. कमी स्पेसिफिक स्पीडच्या पंपाचा कर्व्ह शेवटी झुकतो. चालूवरून स्टँडबायवर जाताना दोन्ही पंप थोडा वेळ एकत्र चालणार, तेव्हा झुकलेल्या कर्व्हचा पंप दुसऱ्यापुढं दबून शून्य प्रवाहावर जातो. रेटेड पॉइंटपासून शटऑफपर्यंत (बंद व्हॉल्व्हपर्यंत) हेड किमान १० टक्के वाढायला हवं.

मिनिमम फ्लोची लाइन (पंपाचा प्रवाह फार कमी होऊ नये म्हणून थोडा माल परत नेणारी) विसरू नका. ती टाकीत सोडा, सक्शन लाइनमध्ये नको. सक्शनमध्ये सोडली तर तोच गरम झालेला माल फिरत राहतो, व्हेपर प्रेशर वाढतं आणि कष्टानं मिळवलेला एनपीएसएच जातो.

कागल_पाचतारांकित

मध्येच विचारतो. आमच्याकडं जड क्रूडची चौकशी आहे, ३० घनमीटर, व्हिस्कॉसिटी थंडीत ३५० सेंटीस्टोक. हाच ओएच२ प्रकार चालेल का?

रोटेटिंग_जुना

चालवू नका. १० सेंटीस्टोकच्या पुढंच सेंट्रिफ्यूगलला करेक्शन लावावं लागतं. ३५० ला, एवढ्या कमी प्रवाहात, एफिशियन्सी फार कोसळते. ट्विन स्क्रू बघा, एपीआय ६७६ (रोटरी पंपांचं स्टँडर्ड). डिस्चार्जला रिलीफ व्हॉल्व्ह हवाच, पंपात बसवलेल्या अंतर्गत व्हॉल्व्हवर भागवू नका, आणि त्याचं तोंड टाकीकडं. मोटर थंडीतल्या व्हिस्कॉसिटीवर काढा, एनपीएसएचही तिच्यावरच तपासा. वेगळा धागा काढा, क्रूडमधली वाळू आणि पाणी किती ते लिहा, टायमिंग गिअर आत की बाहेर हे त्यावर ठरेल.

उद्यमनगर_ड्रॉइंग

स्किडवाल्या दादांना एक राहिलेलं. तुमच्या शेडमध्ये अलाइनमेंट ०.०५ मि.मी.त आणली तरी घाट उतरून किनाऱ्यावर जाईपर्यंत बेस फ्रेम हलते. लोडिंगआधी कपलिंगचे स्पेसर काढून वेगळे पॅक करा. साइटवर लेव्हलिंग, एपॉक्सी ग्राउट, मग पाइप जोडणी, आणि पाइप जोडताना डायल लावून ठेवा. फ्लँजचे बोल्ट आवळताना शाफ्ट ०.०५ पेक्षा जास्त हलला तर पाइप पुन्हा कापून बसवावा, चेन ब्लॉक लावून ओढू नये. हे काम कुणाचं, तुमचं की साइट काँट्रॅक्टरचं, ते ऑर्डरमध्येच लिहून घ्या.